आळशी माणसांमुळे शोध लागतात, हे कितपत खरं आहे?

जगातला पहिला वेबकॅम म्हणून जो ओळखला जातो, तो कशासाठी बसवला होता, माहिती आहे? भांड्यात कॉफी उरली आहे की संपली, हे जागेवरून न उठता कळावं म्हणून.

गोष्ट १९९१ ची. इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठाच्या कॉम्प्युटर लॅबोरेटरीत संशोधकांच्या एका गटासाठी एकच कॉफी मशीन होतं. ते 'ट्रोजन रूम' नावाच्या खोलीबाहेर ठेवलेलं असायचं. जे जवळ बसायचे त्यांची चंगळ. बाकीच्यांना मात्र जिने चढून-उतरून यावं लागायचं आणि आल्यावर बऱ्याचदा भांडं रिकामं दिसायचं.

क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल जार्डेट्स्की या दोन संशोधकांनी यावर उपाय काढला. त्यांनी भांड्याकडे तोंड करून एक कॅमेरा लावला, तो कॉम्प्युटरला जोडला आणि एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. मिनिटाला साधारण तीन वेळा भांड्याचा ताजा फोटो सगळ्यांच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसू लागला. फोटो काळा-पांढरा आणि अगदी लहान होता. पण भांडं भरलंय की रिकामं, एवढं कळायला तो पुरेसा होता.

१९९३ मध्ये हे चित्र इंटरनेटवर आलं आणि जगभरातले लाखो लोक केंब्रिजमधली कॉफी बघू लागले. २२ ऑगस्ट २००१ ला लॅब नव्या इमारतीत जाणार म्हणून कॅमेरा बंद झाला. भांड्याचा ईबेवर लिलाव झाला आणि जर्मनीतल्या 'डेर श्पीगल'च्या ऑनलाइन आवृत्तीने ते ३,३५० पौंडांना विकत घेतलं.

अशा गोष्टी ऐकल्या की आपण म्हणतो, 'गरज ही शोधाची जननी, पण आळस हा शोधाचा बाप!' हे वाक्य ऐकायला छान आहे, पण ते कितपत खरं? आळशी माणसं तर सगळीकडे आहेत, मग शोध मोजकेच का लागतात? आणि कोणाच्या आळसाचं कौतुक होतं, कोणाच्या आळसाला नावं ठेवली जातात? समजून घेऊया.

कॉफीच्या आधी कोक

केंब्रिजच्या कॉफीपॉटच्या जवळपास दहा वर्षं आधी अमेरिकेत असाच एक उद्योग झाला होता. पिट्सबर्गमधल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्स विभागाचं एक कोकचं मशीन होतं. विभाग वाढला, लोकांची ऑफिसं मशीनपासून लांब गेली. मग एवढं चालत जायचं आणि मशीन रिकामं निघायचं. किंवा नुकत्याच भरलेल्या, अजून गार न झालेल्या बाटल्या हातात यायच्या.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या काही जणांनी मशीन विभागाच्या कॉम्प्युटरला जोडलं. बसल्या जागी एक कमांड टाइप केली की कुठल्या रांगेत किती बाटल्या आहेत आणि त्या किती वेळापासून आत आहेत, हे दिसायचं. तीन तास झालेली बाटली 'गार' समजली जायची.

हे कॉम्प्युटर तेव्हाच्या अर्पानेट या जाळ्यावर होते. त्यामुळे पिट्सबर्गमधल्या कोकची चौकशी दुसऱ्या शहरात बसूनही करता यायची. आज घरातला एसी, गीझर, दिवे मोबाईलवरून चालतात. या 'इंटरनेट ऑफ थिंग्ज'चा इतिहास सांगताना सुरुवात बहुतेक वेळा याच मशीनपासून केली जाते.

दोन्ही ठिकाणची तक्रार एकच होती. चालायला कोणाची ना नव्हती, जाऊन रिकाम्या हाताने परत यायचा वैताग होता. मराठीत याला नेमका शब्द आहे, 'हेलपाटा'. सरकारी ऑफिसात साहेब जागेवर नसले की जो पडतो, तोच.

'लेझी बोन्स' नावाचा रिमोट

घरातल्या आळसाची सगळ्यात ठळक खूण कुठली, असं विचारलं तर बहुतेक जण टीव्हीच्या रिमोटकडे बोट दाखवतील. अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीने १९५० मध्ये आणलेल्या रिमोटचं नावच 'लेझी बोन्स' होतं, म्हणजे आपल्या भाषेत 'आळशी गोळा'!

हा रिमोट वायरने टीव्हीला जोडलेला असायचा. खुर्चीपासून टीव्हीपर्यंत हॉलभर वायर आणि त्यात पाय अडकून पडणारी माणसं, असा प्रकार व्हायला लागला. म्हणून १९५५ मध्ये झेनिथचेच इंजिनिअर युजीन पॉली यांनी 'फ्लॅश-मॅटिक' हा बिनवायरचा रिमोट बनवला. तो बॅटरीसारखा दिसायचा. टीव्हीच्या चार कोपऱ्यांत प्रकाश ओळखणारे सेल होते. ज्या कोपऱ्यावर झोत मारला, त्यानुसार आवाज बंद व्हायचा किंवा चॅनल बदलायचा. अडचण अशी की, खिडकीतून ऊन आलं तरी टीव्हीला ती आज्ञाच वाटायची.

पुढच्याच वर्षी रॉबर्ट अॅडलर यांनी 'स्पेस कमांड' आणला. त्यात वेगवेगळ्या लांबीच्या अॅल्युमिनियमच्या कांड्या होत्या. बटण दाबलं की छोटी हातोडी कांडीवर आपटायची आणि माणसाला ऐकू न येणारा आवाज निघायचा. टीव्ही तो ओळखायचा. गंमत म्हणजे या रिमोटला सेल लागतच नव्हते. सेल संपले तर गिऱ्हाइकाला टीव्हीच बिघडलाय असं वाटेल, ही कंपनीच्या विक्री विभागाची भीती होती. आजचे इन्फ्रारेड रिमोट यायला १९८० चं दशक उजाडलं.

झेनिथचे प्रमुख युजीन मॅकडोनाल्ड यांना टीव्हीवरच्या जाहिरातींचा मनस्वी राग होता. प्रेक्षकाला जाहिरात गप्प करता यावी, हा रिमोटमागचा एक मोठा हेतू होता. म्हणजे नाव 'आळशी' असलं तरी त्यामागे वैताग होता. दर काही मिनिटांनी उठायचं आणि तेही नको असलेल्या आवाजासाठी!

आपल्याकडे दूरदर्शनचं एकच चॅनल होतं, तेव्हा रिमोट नसल्याने फारसं अडत नव्हतं. टीव्हीजवळ बसलेला घरातला धाकटा हाच रिमोट होता. १९९० च्या दशकात केबल आली, चॅनल वाढले आणि त्या धाकट्याची सुटका झाली.

ऑफिसातला कामसू आळस

कॉम्प्युटरच्या जगात आळसाला चक्क गुण मानतात. 'पर्ल' ही प्रोग्रॅमिंगची भाषा बनवणाऱ्या लॅरी वॉल यांनी चांगल्या प्रोग्रॅमरचे तीन गुण सांगितले आहेत. आळस, उतावळेपणा आणि अहंकार. त्यातल्या आळसाचा अर्थ असा की, एकदा नीट मेहनत करून असा प्रोग्रॅम लिहायचा की तेच काम पुन्हा हाताने करावं लागू नये.

त्याच्या कितीतरी आधीचं उदाहरण जॉन बॅकस यांचं. १९५० च्या दशकात कॉम्प्युटरला कामाला लावायचं म्हणजे प्रत्येक बारीकसारीक पायरी यंत्राच्या भाषेत लिहावी लागायची. आयबीएममध्ये काम करणाऱ्या बॅकस यांना हे लिहायचा मनापासून कंटाळा होता. म्हणून त्यांच्या टीमने 'फोरट्रान' तयार केली. १९५७ मध्ये ती लोकांच्या हातात आली. गणिताच्या सूत्रासारखं लिहा, बाकीचं भाषांतर कॉम्प्युटर करेल, अशी ही सोय होती. ज्या कामाला आधी हजार ओळी लागायच्या, ते साधारण पन्नास ओळींत होऊ लागलं. आपलं बरंचसं काम आळशीपणातून आलं, असं बॅकस यांनी पुढे एका मुलाखतीत मोकळेपणाने सांगितलं होतं.

पण ही सोय करायला त्यांच्या टीमला तीनेक वर्षं लागली. कंटाळवाणं काम टाळण्यासाठी तीन वर्षं राबणाऱ्या माणसाला आपल्या घरी कोणी आळशी म्हणेल का?

ऑफिसात आपण दिवसभर वापरतो त्या 'कट, कॉपी, पेस्ट'ची कथाही अशीच आहे. पूर्वी लेख संपादित करताना खरोखरच कात्रीने कागद कापून डिंकाने दुसरीकडे चिकटवत. कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यात 'जिप्सी' नावाचा वर्ड प्रोसेसर बनवला आणि कात्री-डिंकाचं काम स्क्रीनवर आणलं.

मग हा आळस नेमका कसला?

'अवघड काम आळशी माणसाला द्या, तो सोपा मार्ग शोधून काढेल' असा एक फॉरवर्ड बिल गेट्स यांच्या फोटोसह व्हॉट्सअॅपवर नेहमी फिरतो. गेट्स यांनी असं म्हटल्याचा भरवशाचा पुरावा नाही. ही कल्पना त्यांच्या जन्माच्या आधीपासूनची आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत फ्रँक गिलब्रेथ हे गृहस्थ कामगारांच्या हालचालींचा अभ्यास करायचे. त्यांनी स्वतः गवंडीकाम केलं होतं. एक वीट बसवायला गवंडी साधारण १८ हालचाली करतो, हे त्यांनी मोजलं. विटा कमरेच्या उंचीवर, हाताशी येतील अशा ठेवल्या आणि या हालचाली पाचावर आणल्या. कामाची सर्वांत चांगली पद्धत शोधायची तर आळशी कामगाराकडे बघावं, असं त्यांचं मत होतं. कारण तो एकही हालचाल फुकट घालवत नाही.

आणखी जुनी गोष्ट म्हणजे वाफेच्या इंजिनावरच्या पोऱ्याची. अठराव्या शतकातल्या इंजिनात झडपा हाताने उघडा-बंद कराव्या लागत. एका मुलाने झडपांना दोऱ्या अशा बांधल्या की इंजिनच त्या उघडू-मिटू लागलं आणि हा खेळायला मोकळा झाला. अर्थशास्त्रज्ञ अॅडम स्मिथ यांनी १७७६ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात ही गोष्ट सांगितली आहे. ती जशीच्या तशी खरी आहे का, याबद्दल इतिहासकारांना शंका आहे. तरीही ती अडीचशे वर्षं सांगितली जाते, कारण प्रत्येकाला त्या मुलाचा कंटाळा ओळखीचा वाटतो.

या सगळ्या गोष्टी शेजारी ठेवल्या की तीन समान धागे दिसतात.

पहिला, काम पुन्हा पुन्हा करावं लागणारं आहे. वर्षातून एकदा जिना चढायला लागला तर कोणी कॅमेरा बसवत नाही.

दुसरा, त्या कामात काहीतरी फुकट जातंय. पायपीट, वेळ किंवा हालचाल.

तिसरा धागा सर्वांत महत्त्वाचा. ज्याला वैताग येतो, त्याच्याच हातात उपाय करायचं साधन आहे. केंब्रिजच्या संशोधकांकडे कॅमेरा होता, कॉम्प्युटर होता आणि प्रोग्रॅम लिहायचं कसब होतं. त्याच इमारतीत झाडलोट करणाऱ्यांनाही हेलपाटे पडतच असतील. पण कॅमेरा लागला तो कॉफीसाठी.

म्हणून 'आळसातून शोध लागतात' या वाक्यात एक गोष्ट राहून जाते. कंटाळा सगळ्यांनाच येतो. शोध मात्र ज्याच्या कंटाळ्याला वजन आहे, त्याच्यासाठी आधी लागतात. हे नीट पाहायचं असेल तर स्वयंपाकघरात जावं लागेल.

पाट्यापासून मिक्सरपर्यंत

महाराष्ट्रात पहाटे उठून जात्यावर दळण दळायचं काम पिढ्यानपिढ्या बायकांनी केलं. ते इतकं लांबलचक आणि रोजचं होतं की त्यातून ओव्यांचं एक अख्खं भांडार तयार झालं. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी सहकाऱ्यांसोबत गावोगाव फिरून अशा लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. गावात पिठाची गिरणी आली, तशी जाती कोपऱ्यात गेली.

दळण्याचा कंटाळा बायकांना शेकडो वर्षं येत असणारच. पण त्यांच्या हातात ना यंत्रं होती, ना पैसा, ना 'मला हे नको' म्हणायची मुभा.

वाटण्याचंही तेच. पाटा-वरवंट्यावर वाटण करणं म्हणजे खांदे भरून येणार हे ठरलेलं. १९६० च्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथुर हे इंजिनिअर सीमेन्स कंपनीत काम करत होते. त्यांच्या पत्नी माधुरी यांच्याकडे ब्राऊन कंपनीचा परदेशी मिक्सर होता. भारतीय स्वयंपाकाच्या माऱ्यापुढे त्याची मोटर जळाली आणि इथे दुरुस्तीची सोय नव्हती. परदेशी मिक्सर फळांचा रस, केकचं मिश्रण अशा मऊ कामांसाठी बनलेले असायचे. हळकुंड, सुकं खोबरं, भिजवलेले डाळ-तांदूळ हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं.

माथुर यांनी इथल्या वाटणाला पुरी पडेल अशी दमदार मोटर असलेला मिक्सर बनवला. तो 'सुमीत' या नावाने घराघरात पोहोचला. आजही जुन्या घरांत कुठल्याही मिक्सरला 'सुमीत' म्हणणाऱ्या आज्या भेटतात. इथे तिसरा धागा पुन्हा दिसतो. वाटणाचा त्रास घरोघरी होता, पण मोटर बनवू शकणारा माणूस योगायोगाने यातल्या एका घरात राहत होता.

डिशवॉशरचा इतिहास थोडा वेगळा आहे. अमेरिकेतल्या जोसेफिन कॉक्रेन या श्रीमंत घरातल्या. त्यांची किमती चिनी मातीची भांडी धुताना नोकरांच्या हातून टवके उडायचे, याचा त्यांना वैताग होता. त्यांनी भांडी जाळीच्या कप्प्यांत बसवून त्यांवर पाण्याचा मारा करणारं यंत्र तयार केलं आणि २८ डिसेंबर १८८६ ला त्याचं पेटंट मिळवलं. त्यांची पहिली गिऱ्हाइकं होती हॉटेलं. सर्वसामान्य अमेरिकन घरांत डिशवॉशर रुळायला १९५० चं दशक उजाडावं लागलं.

भारतात तर डिशवॉशरची मागणी खऱ्या अर्थाने वाढल्याचं दिसलं ते २०२० च्या लॉकडाऊनमध्ये. तोवर शहरी मध्यमवर्गाच्या घरातली भांडी मावशी घासत होत्या. त्या येईनाशा झाल्या आणि भांडी घासणं किती कंटाळवाणं आहे, याचा शोध अनेकांना लागला.

या सगळ्यात एक टोकाचं स्वप्न होतं फ्रान्सेस गेब यांचं. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात त्यांनी स्वतःला स्वतः धुणारं घर बांधलं. बटण दाबलं की छतातले फवारे साबणाचं पाणी सोडायचे, मग साधं पाणी, मग गरम हवा. फरशीला किंचित उतार होता, त्यामुळे पाणी वाहून जायचं. भांडी कपाटातच धुतली जायची. १९८४ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. पण असं दुसरं घर कोणी बांधलं नाही. २०१६ मध्ये त्या वारल्या.

गेब यांचा राग साधा होता. घरकाम कधी संपत नाही आणि ते केल्याचं कोणी नावही काढत नाही. जगाने त्यांना विक्षिप्त ठरवलं. कॉफीसाठी कॅमेरा लावणारे हुशार ठरले. आपल्या घरांतही हा फरक दिसतो. मुलाने पंख्याला रिमोट बसवला तर 'काय डोकं आहे!' आणि सुनेने पोळ्या विकत आणल्या तर 'कंटाळा फार हिला'.

यंत्रं आली, मग वेळ वाचला का?

अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवान यांनी १९८३ मध्ये 'मोअर वर्क फॉर मदर' हे पुस्तक लिहिलं. घरात यंत्रं आली, अंगमेहनत कमी झाली, तरी गृहिणीचे कामाचे तास फारसे कमी झाले नाहीत, असं त्यांनी त्यात दाखवलं.

असं का झालं? एक कारण म्हणजे अपेक्षा वाढल्या. वॉशिंग मशीन आलं आणि कपडे रोज धुतले जाऊ लागले. आधी बाहेर जाणारे कपडेही घरात धुवायला आले. दुसरं कारण म्हणजे, लाकडं फोडण्यासारखी पुरुषांच्या वाटची कामं आधी संपली. स्वयंपाक आणि धुणं तिच्याकडेच राहिलं, फक्त आता ते तिने एकटीने करायचं होतं.

आपल्याकडचे आकडे बघा. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या महिला त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या आणि पुरुष ९७ मिनिटं. २०२४ च्या सर्वेक्षणात महिलांचा आकडा २८९ मिनिटांवर आला. पाच वर्षांत दहा मिनिटं कमी.

म्हणजे यंत्राने काम हलकं होतं, पण ते कोणी करायचं हे यंत्र ठरवत नाही.

रात्रीचा पंप आणि एक मिस्ड कॉल

सोय म्हटली की डोळ्यांसमोर शहरातला सोफा येतो. पण हेलपाट्याचा सगळ्यात मोठा प्रश्न महाराष्ट्रात शेतावर आहे.

कृषिपंपांना वीज चक्राकार पद्धतीने मिळते. काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री दहा तास. रात्रीची पाळी आली की शेतकऱ्याने अंधारात शेतावर जायचं, पंप चालू करायचा. मध्येच वीज गेली तर परत जायचं. वाटेत साप, विंचू. जुन्नरसारख्या भागात बिबट्याची भीती. आणि एवढं करून गेलं तर कधी वीजच नसते.

पुण्याचे इंजिनिअर संतोष ओस्तवाल यांच्या आजोबांना उतारवयात पंपासाठी अशीच पायपीट करावी लागायची. ते पाहून ओस्तवाल या प्रश्नाच्या मागे लागले आणि त्यातून 'नॅनो गणेश' हे उपकरण तयार झालं. ते पंपाच्या स्टार्टरला जोडायचं. शेतकऱ्याने घरून मोबाईलवरून फोन लावायचा. शेतावर वीज आहे की नाही, पंप चालू आहे की बंद, हे आवाजावरून कळतं आणि पंप तिथूनच चालू-बंद करता येतो. पुढे अशा प्रकारचे मोबाईल स्टार्टर बनवणाऱ्या इतर कंपन्याही बाजारात आल्या.

तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर पिट्सबर्गचं कोक मशीन, केंब्रिजचा कॉफीपॉट आणि शेतातला पंप हे एकाच जातीचे शोध आहेत. जायच्या आधी कळलं पाहिजे, एवढीच मागणी. फरक इतकाच की इथे फुकट गेलेली फेरी जिवावरही बेतू शकते.

पण याच शेतात सोयीची दुसरी बाजूही दिसते.

मोबाईल स्टार्टरच्या आधीपासून एक स्वस्त जुगाड सर्रास वापरला जातो, तो म्हणजे ऑटोस्विच. वीज आली की पंप आपोआप सुरू. शेतकऱ्याला उठायलाच नको. एका शेतकऱ्यासाठी हा उत्तम उपाय. पण एका ट्रान्सफॉर्मरवरच्या सगळ्यांनीच ऑटोस्विच लावले की काय होतं?

मोटर सुरू होताना ती नेहमीपेक्षा कितीतरी पट जास्त करंट ओढते, साधारण पाच ते सात पट. एरवी शेतकरी मागेपुढे करत पंप लावतात, त्यामुळे हा भार विभागला जातो. ऑटोस्विचमुळे वीज आल्या क्षणी सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात. व्होल्टेज पडतं, ट्रान्सफॉर्मर जळतो आणि मग आठ-आठ दिवस कोणालाच पाणी मिळत नाही. म्हणूनच महावितरण दर हंगामात 'ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर बसवा' असं आवाहन करत असतं.

शेतकऱ्याला आळशी म्हणून हा प्रश्न सुटत नाही. रात्री वीज देणारी व्यवस्था आहे तोवर तो काहीतरी जुगाड करणारच. दिवसा वीज मिळाली तर रात्रीची फेरीच उरणार नाही. राज्य सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमागे हाच विचार आहे. सूर्य असतानाच वीज तयार करायची आणि तेव्हाच पंपाला द्यायची. कधीकधी हेलपाट्यावरचा खरा उपाय उपकरणात नसतो, वेळापत्रक बदलण्यात असतो.

एकाची चैन, दुसऱ्याची गरज

'एवढंही उठून करता येत नाही का?' हा प्रश्न विचारण्याआधी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी.

अमेरिकेतले सॅम फार्बर निवृत्तीनंतर एकदा पत्नीसोबत स्वयंपाक करत होते. पत्नी बेट्सी यांना संधिवात होता. सफरचंद सोलताना लोखंडी सोलाणं त्यांच्या हातात नीट धरता येत नव्हतं. फार्बर यांनी त्यावर जाड, मऊ, रबरासारख्या मुठीची साधनं तयार करून घेतली आणि १९९० मध्ये 'ऑक्सो' हा ब्रँड सुरू केला. संधिवात असलेल्यांसाठी बनवलेली ती मूठ धडधाकट लोकांनाही आवडली आणि जगभर खपली.

उलटंही होतं. टीव्हीचा रिमोट धडधाकट माणसाच्या सोयीसाठी आला, पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाला त्याने कोणाला हाक न मारता चॅनल बदलायची मोकळीक दिली. आवाजावर चालणारा दिवा आपल्याला चोचला वाटेल. ज्याचे हात चालत नाहीत, त्याच्यासाठी तो स्वावलंबन आहे. त्यामुळे एखादी वस्तू आळशी लोकांसाठी आहे की गरजूंसाठी, हे वस्तूकडे बघून सांगता येत नाही. ती कोणाच्या हातात आहे, हे बघावं लागतं.

सोय पारखायची कशी?

आता पुन्हा मूळ प्रश्नाकडे. आळसातून शोध लागतात का? लागतात, पण हातपाय न हलवणाऱ्या आळसातून नाही. तेच ते काम पुन्हा फुकट करायचा ज्याला मनापासून राग येतो आणि जो तो राग घेऊन कामाला बसतो, त्याच्याकडून लागतात.

एखादं नवं उपकरण किंवा अॅप समोर आलं की तीन प्रश्न विचारून बघा. यातला कुठला हेलपाटा वाचतोय? तो खरंच वाचतोय की दुसऱ्या कोणाच्या अंगावर जातोय? आणि सगळ्यांनीच ते वापरलं तर काय होईल?

दहा मिनिटांत घरी येणाऱ्या किराण्याला हे प्रश्न लावून पाहता येतील. दुकानापर्यंतची आपली फेरी वाचते, पण ती नाहीशी होत नाही. ती कोणीतरी पावसात, ट्रॅफिकमधून, घड्याळाकडे बघत मारत असतो. केंब्रिजच्या कॅमेऱ्याने मात्र कोणाचीही फेरी दुसऱ्यावर ढकलली नव्हती, ती खरोखर वाचवली होती.

आणि एक चौथा प्रश्न आपल्या घरासाठी. घरातल्या कुठल्या कामाचा कंटाळा आला म्हणून आजवर काहीच विकत घेतलं गेलं नाही, किंवा कोणी ते वाटूनही घेतलं नाही? ते काम रोज कोण करतं, हे एकदा बघायला हरकत नाही.